पट्टे दिसले की कवड्या

फोटोत सापाचे डोके नव्हते, शेपूटही नव्हते. मधला चार बोटांचा तुकडा तेवढा होता. काळी, तेल लावल्यासारखी चमकणारी कातडी, तिच्यावर दोन बारीक पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात दुधाच्या कॅनचे बूड. फोटोखाली निकाल आलेला होता. कवड्या, ८१ टक्के. मण्यार, १६ टक्के. इतर, ३. त्याखाली हिरव्या पट्टीत एकच शब्द : ‘निर्विष’.

हेमांगी साळोखेने चहाचा कप बाजूला सरकवला आणि फोटो मोठा केला. पाठीच्या कण्यावरून जाणारी खवल्यांची ओळ तिने आधी पाहिली. ती शेजारच्या खवल्यांपेक्षा रुंद होती आणि तिच्यातला प्रत्येक खवला सहा बाजूंचा होता, फरशी बसवल्यासारखा. कवड्याच्या पाठीवर अशी ओळ नसते. मण्यारच्या असते.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. गेली कित्येक वर्षे तिचा दिवस असाच कुणाच्या तरी कातडीने सुरू होत असे. बेडकाचे पोट, घोरपडीची मान, खंड्याच्या पंखातले एक पीस. आता सकाळीच डोळे दुखू लागत. त्यामुळे आपलीच चूक होत असेल, असे तिने स्वतःला एकदा सांगून पाहिले. ओळ जागची हलली नाही.

फोटोच्या कडेला लाल ठिपका होता. तो खेळणाऱ्यांना दिसत नसे. हेमांगीला आणि पुण्याच्या कार्यालयाला दिसे. ठिपका असला की ते चित्र कोड्यातले नसे. साप खरा, चावा खरा, आणि कुठल्या तरी आरोग्य केंद्राच्या बाकावर एक माणूस निकालाची वाट पाहत बसलेला.

खेळाचे नाव ‘जवळून’. हेमांगी कोल्हापूरच्या एका दैनिकात उपसंपादक असताना रविवारच्या पुरवणीत तिने तो सुरू केला होता. प्राण्याच्या अंगाचा अगदी जवळून घेतलेला एक चौकोन छापायचा आणि वाचकांनी प्राणी ओळखायचा. पुरवणी बंद पडली, खेळ फोनवर गेला आणि वाढला. आता रोज साडेतीन लाख माणसे तो खेळत. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत. चित्रे अजून हेमांगीच निवडत असे आणि लोक तिला साळोखेबाई म्हणूनच ओळखत.

साप त्यात नंतर आले, ते औषधामुळे. पूर्वी चार विषारी सापांवर मिळून एकच प्रतिविष असे. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ते काढत. ते कमी पडे, काहींना त्याचीच रिअॅक्शन येई. आता प्रत्येक सापाचे वेगळे प्रतिविष कारखान्यात, पेशींच्या टाक्यांत तयार होत होते. डोस लहान, गुण लवकर. अट एकच होती, साप कोणता ते नक्की कळायला हवे. घोणसेचे औषध मण्यारच्या विषाला हातही लावत नाही. आणि ते महाग होते, म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्रात एक थंड कपाट बसवले होते. निकालासोबत येणारा कुलपाचा आकडा मिळाल्याशिवाय ते उघडत नसे.

निकाल देणाऱ्या यंत्रणेचे नाव ‘पारखी’. फोनवरून आलेल्या फोटोतल्या खवल्यांचा आकार, कडा, ओळी आणि चमक मोजून ती जात सांगे. पण साप चावलेल्या घरात फोटो काढणाऱ्याचा हात थरथरत असतो आणि साप पळत असतो. अशा अर्ध्यामुर्ध्या फोटोंपुढे पारखी अडखळे. तिथे ‘जवळून’ कामाला आला. अडलेला फोटो खेळात सोडायचा. दीड मिनिटात हजारो उत्तरे येतात. कुणी एका बाजूला चुकतो, कुणी दुसऱ्या, चुका एकमेकींना खोडून काढतात आणि मधे खरे उत्तर उरते. खूप माणसांनी एकमेकांना न विचारता केलेला अंदाज एका तज्ज्ञापेक्षा भरवशाचा ठरतो, हे पुष्कळदा तपासून झाले होते. हा फोटो खऱ्या चाव्याचा आहे, हे मात्र खेळणाऱ्याला सांगायचे नाही. सांगितले की तो घाबरतो आणि घाबरलेला माणूस प्रत्येक सापाला विषारी म्हणतो.

पारखी रोज त्या उत्तरांवरून स्वतःला सुधारूनही घेई. तीन वर्षांत जिल्ह्यातले सर्पदंशाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते.

ही सगळी जुळणी हेमांगीच्या मुलीची होती. ऋजुता पुण्याच्या कार्यालयात पारखीची प्रमुख होती. हेमांगीने तिला फोन लावला.

“आत्ताचा कवड्या बघ. दुधाच्या कॅनचा.”

“आई, मी गाडी चालवतेय.”

“बाजूला घे. तो मण्यार आहे.”

पलीकडे इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, मग थांबली.

“अकरा हजार लोकांनी उत्तर दिलंय,” ऋजुता म्हणाली.

“चुकलेत ते. पाठीची ओळ बघ.”

“मी बघून काय करू? मी बघायचं नाही, तू बघायचं नाही, असंच ठरलंय ना? निपाणीकडचा तो सर्पमित्र आठवतो ना तुला? ‘मी वीस वर्षं साप धरतोय, मला शिकवू नका’ म्हणाला, डॉक्टरांनी त्याचं ऐकलं, पोरगी गेली. त्यानंतर मी नियम लिहिला. एका माणसाच्या नजरेवर कपाट उघडायचं नाही आणि निकाल बदलायचा नाही. आणि तू त्या नियमाच्या बाजूनं लेख लिहिलास.”

“लिहिला.”

“मथळासुद्धा काय कडक होता.”

“ऋजुता, माणूस मरेल.”

“हरकत नोंदव. समिती दुपारपर्यंत बघते.”

“मण्यार चावलेला माणूस दुपारपर्यंत समितीसाठी थांबत नाही.”

“आई,” ऋजुताचा आवाज उतरला, “तू रोज शंभर फोटो बघतेस. दमलीयेस तू. मागच्या महिन्यात तू स्वतःच म्हणालीस, मला आता खवले स्वप्नात दिसतात. तू एकटी, समोर अकरा हजार. माझ्या जागी असतीस तर तू काय केलं असतंस?”

हेमांगीकडे उत्तर होते, पण ते ऋजुताच्या बाजूचे होते. तिने फोन ठेवला.

फोटोच्या माहितीत आरोग्य केंद्राचे नाव होते, करंजवळे. चित्रे निवडणाऱ्याने केंद्राशी संपर्क साधायचा नाही असाही एक नियम होता. हेमांगीने नंबर शोधून फिरवला.

“करंजवळे केंद्र, डॉक्टर नदाफ.”

“सकाळी दुधाच्या डेअरीतून सर्पदंशाचा पेशंट आला होता ना?”

“हो. निवास खोत. संकलन केंद्रावरच झोपतात ते, खाली सतरंजी टाकून. पहाटे हाताला काहीतरी लागलं म्हणून उठले, तर साप कॅनच्या मागं जाताना दिसला. आपण कोण?”

“कसे आहेत ते?”

“घरी गेले. कवड्या होता. हातावर सूज नाही, दुखत नाही. चालत आले, चालत गेले.”

“मण्यार चावला तरी सूज येत नाही, दुखत नाही, डॉक्टर.”

“ते मलाही शिकवलंय, मॅडम,” नदाफ जरा तुटकपणे म्हणाले. “म्हणूनच फोटो पाठवला. निकाल निर्विष आला. आणि आपण कोण, ते अजून सांगितलं नाहीत.”

“मी त्या फोटोच्या कामातली आहे. निकालाबद्दल मला शंका आहे. त्यांना पोटात दुखत होतं का?”

“पोट ढवळतंय म्हणत होते. उपाशीपोटी घाबरून होतं तसं.” मग नदाफांनी कुणाला तरी हाक मारली. “सिस्टर, खोतांच्या घरी फोन लावा. आणि तो सकाळचा फोटो काढा जरा.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. खोली ऐकू येत होती. पंखा, ट्रे, एका बाईचा मोकळा आवाज.

“अहो सर, तो फोटो मला खेळात पण आला होता की!”

“कधी?”

“आत्ता, सकाळीच. तुम्ही खोतांची नाडी बघत होता तेव्हा. म्हटलं, अगं बाई, हा तर आपल्याकडचाच कॅन. मी पटकन कवड्या दाबून टाकलं.”

“खवले बघितलेत?”

“खवले कशाला बघायचेत? पट्टे दिसले की कवड्या. साळोखेबाईंची खोड आहे ती, सगळ्यांना माहितीये. त्या बाई सरळ मण्यार कधी दाखवत नाहीत. मण्यार वाटावा असं दाखवायचं आणि मग ‘फसलात, हा कवड्या!’ पहिल्या वर्षी मी किती फसले. आता नाही फसत. आमच्या ग्रुपवर सगळ्यांचे पैकीच्या पैकी असतात.”

हेमांगीने फोन कानापासून थोडा दूर धरला. दुसऱ्या हाताने तिने आपली जुनी कोडी उघडली आणि पांढऱ्या पट्ट्यांचे काळे साप तेवढे वेगळे काढले. पडदा भरला. कवड्या, कवड्या, कवड्या. मधे कुठेतरी एक मण्यार, तोही पहिल्या वर्षातला.

सिस्टर म्हणाल्या ते बरोबर होते. मण्यार मण्यारसारखाच दिसतो, त्यात कोडे कसले, असे ती म्हणत आली होती. चांगले कोडे म्हणजे जिथे शंभरातले नव्वद चुकतात. तसे फोटो ती मुद्दाम शोधत असे. लोक चुकत, चिडत, शिकत. पण ते साप शिकत नव्हते. ते साळोखेबाईंना शिकत होते. आता पट्टे दिसताच साडेतीन लाख माणसांचे बोट एकाच बाजूला जात होते. चुका एकमेकींना खोडत नव्हत्या, एकमेकींवर रचल्या जात होत्या. माणसे जितकी जास्त, तितका चुकीचा निकाल पक्का. आणि पारखी रोज त्यांच्याकडून शिकत होती. मण्यारवरचा तिचा भरवसा थोडा थोडा ढळत होता, म्हणून मण्यारचे फोटो खेळात जास्त येत होते, आणि खेळातून कवड्या होऊन परत जात होते.

“सर,” पलीकडे सिस्टरांचा आवाज बदलला होता, “खोतांच्या बायकोचा फोन लागलाय. ती म्हणते, ते आडवे झालेत. बोलणं जड येतंय म्हणते.”

“विचारा, पापण्या?”

“शीतल, त्यांचे डोळे उघडे आहेत का गं? ... नीट उघडत नाहीत म्हणते. मी विचारलं, रात्री घेतली होती का. तर चिडली माझ्यावर. म्हणते, आमचं हे शिवतसुद्धा नाहीत वो.”

“गाडी पाठवा,” नदाफ म्हणाले. “मीच जातो. पिशवी घ्या, श्वास द्यायची.” मग त्यांनी फोन उचलला. “मॅडम, ऐकलंत?”

“ऐकलं.”

“कपाट माझ्यासमोर आहे. आत मण्यारचे चार डोस आहेत. निर्विष निकालावर ते उघडत नाही. मोठ्या दवाखान्यापर्यंत सव्वा तास लागतो आणि घाटात रस्त्याचं काम चालू आहे. तुम्ही त्या कामातल्या आहात ना? मग मला आकडा द्या.”

फोन बंद झाला.

ऋजुताने या वेळी पहिल्याच घंटीला उचलला. हेमांगीने तिला सिस्टरांचे वाक्य जसेच्या तसे सांगितले, स्वतःचे नाव न गाळता. मग पेशंटच्या पापण्यांबद्दल सांगितले. पलीकडून वाहनांची वर्दळ ऐकू येत होती. ऋजुता अजून रस्त्याच्या कडेलाच होती.

“तेरा मिनिटांपूर्वी तू म्हणालीस मण्यार आहे,” ती म्हणाली, “आणि मी म्हणाले, तू दमलीयेस.”

“ते नंतर. तोच फोटो पुन्हा टाक. खाली एक ओळ घालू. लिहायचं, हे चित्र साळोखेबाईंनी निवडलेलं नाही. हे आज सकाळी एका घरातून आलंय.”

“तसं लिहिलं तर सगळे घाबरून मण्यार दाबतील. ते ओळखणं नव्हे. उद्या प्रत्येक धामणीला नाग म्हणतील.”

“मग काय करू? तो माणूस...”

“आई, थांब. मला विचार करू दे.” ऋजुता भराभर बोलू लागली. लहानपणी गणित सुटत आले की ती अशीच बोले. “दोन फोटो टाकू. एक हा. एक नक्की कवड्या, आपल्याकडे प्रयोगशाळेनं तपासलेला, असाच पट्ट्यांचा, असाच अर्धवट. दोन्हींखाली तीच ओळ. घाबरून दाबत असतील तर दोन्हींना मण्यार म्हणतील. बघून दाबत असतील तर कवड्याला कवड्या म्हणतील. तसं म्हणाले, तरच मी दुसरा निकाल धरीन.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडेही नाही.”

हेमांगीला वाद घालायचा होता. माणूस तिकडे गुदमरत असताना तपासणीचा फोटो कसला, असे तिच्या ओठांवर आले होते. पण एका नजरेवर कपाट उघडू नये, हे तिला अजूनही पटत होते. ती नजर तिची स्वतःची असली तरी.

“टाक,” ती म्हणाली.

दोन चौकोन खेळात गेले. खाली साधी ओळ होती : ‘ही चित्रे साळोखेबाईंनी निवडलेली नाहीत. आज सकाळी घराघरांतून आली आहेत. नीट पाहा.’

नेहमी पहिल्या दहा सेकंदांत उत्तरांचा पूर येई. आज काहीच आले नाही. पडद्यावरचे आकडे शून्यावर थांबून होते आणि हेमांगीला वाटले, लोकांनी खेळ बंद केला असावा. मग एकेक येऊ लागले. लोक फोटो मोठा करून बघत होते. पाठीवरून बोट फिरवून ओळ मोजत होते. दीड मिनिटाची मुदत संपली तेव्हा नेहमीच्या निम्मीसुद्धा उत्तरे आली नव्हती. ऋजुताने मुदत वाढवली. मोटारीत बसून ती आकडे मोठ्याने वाचत होती.

“कवड्याचा फोटो, कवड्या एकाहत्तर. बाहत्तर. मण्यार वीस. थोडे घाबरलेत, पण थोडेच.”

“दुसरा सांग.”

“मण्यार अठ्ठ्याऐंशी.”

ऋजुताने दुसरा निकाल धरला.

“आकडा गेला,” ऋजुता म्हणाली. “कपाट उघडलं. इथे दिसतंय मला. उघडलं.”

निवास खोत त्या वेळी केंद्राच्या दारात, गाडीतच होता. डॉ. नदाफ त्याच्या तोंडावर पिशवीचा मुखवटा धरून हाताने श्वास देत होते. औषध सिस्टरांनी टोचले. पुढचा सव्वा तास ती दोघे आळीपाळीने पिशवी दाबत घाटातून मोठ्या दवाखान्यापर्यंत गेली. रक्तात फिरणारे विष प्रतिविषाने पकडले. पण जे आधीच नसांच्या टोकांना जाऊन बसले होते, त्याला कुठलेच औषध सोडवू शकत नाही. शरीराने ती टोके नव्याने बांधायची असतात. त्याला दिवस लागतात आणि तोवर श्वास यंत्राने घ्यायचा असतो.

हेमांगी चौथ्या दिवशी दवाखान्यात गेली. अतिदक्षता विभागाबाहेर शीतल खोत भिंतीला पाठ लावून बसली होती. शेजारी डबा होता, न उघडलेला.

“तुम्ही सापाच्या खेळवाल्या बाई?”

“हो.”

“सिस्टरनं सांगितलं. तुमच्यामुळं औषध मिळालं म्हणाली.” शीतलने तिच्याकडे नीट पाहिले. “आज डोळं उघडलं त्यांनी. माझं बोट दाबलं.”

“बरं झालं.”

“व्हय. मला एक सांगा. मग आधी घरी जावा म्हणून कुणी सांगितलं?”

हेमांगी तिच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिने सगळे सांगितले. कोडी कशी निवडत असे, लोक काय शिकले, यंत्रणा काय शिकली. संपल्यावर शीतलने विचारले, “म्हंजे ह्यांच्या आधी पण कुणाला तरी तसंच घरी धाडलं असंल की.”

“असेल.”

“बघितलं का तुम्ही?”

“अजून नाही.”

“मग हितं काय बसलाय?” शीतल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती डबा उघडू लागली.

ऋजुता त्याच दुपारी कोल्हापूरला आली. चार दिवसांत ती नीट झोपली नव्हती. तिने ‘जवळून’ बंद केला होता आणि पारखीला सहा महिने मागे, जुन्या शिकवणीवर नेले होते. अडलेला प्रत्येक फोटो आता तीन जणांपुढे जात होता आणि तिघांचे जुळले नाही तर पेशंट सरळ मोठ्या दवाखान्याकडे. मधल्या घाटांत किती जण दगावतील याचा हिशोब तिने केला होता. तो तिने आईला सांगितला नाही आणि आईने विचारला नाही.

“लोक विचारतायत, साळोखेबाई आजारी आहेत का,” ती म्हणाली. “एकानं लिहिलंय, पैकीच्या पैकी चालले होते, ऐन वेळी बंद केलात.”

“जेवलीस का?”

“नाही. तुला राग नाही आला माझा? त्या सकाळी?”

“आला होता.”

“मला तुझा आला होता. अजून आहे.” ऋजुता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. “तुला सोपं काही चालतच नाही, आई. मला अभ्यासात पण तू सोपी गणितं घालायची नाहीस. सोपं आलं की मला वाटायचं, काहीतरी गोम असणार. परीक्षेत साधी बेरीज चुकायची मी.”

हेमांगीने पोळीचे ताट तिच्यापुढे ठेवले आणि संगणक मधे ओढला.

“जुने फोटो आणलेस?”

“तीन वर्षांतले, कवड्या म्हणून खेळातून परत गेलेले सगळे. पुढं काय झालं ते त्यात नाही. घरी गेलेल्या माणसाचं आपण कधी विचारलंच नाही. निर्विष म्हटल्यावर कशाला विचारायचं?” ऋजुताने एक घास घेतला आणि ताट बाजूला केले. “मी लावत जाते. तू बोल. मग ज्यांना तू मण्यार म्हणशील ते मी आणखी दोघांकडे पाठवीन. न सांगता.”

“पाठव.”

पहिला फोटो लागला. ओल्या फडक्याखालून डोकावणारा तुकडा. हेमांगीने पाठीची ओळ पाहिली.

“कवड्या.”

दुसरा. “कवड्याच. पट्टा बघ किती रुंद आहे आणि पिवळट आहे.”

ऋजुताने श्वास सोडला. तिसराही कवड्या निघाला. चौथ्यात काहीच कळत नव्हते, तो बाजूला ठेवला. पाचवाही कवड्या. बाहेर पाण्याचा टँकर येऊन गेला. ऋजुता हळूहळू ताटातला घास मोडू लागली. ‘बहुतेक ठीकच आहेत’ असे काहीतरी ती पुटपुटली.

पुढचा फोटो स्वच्छ होता. कुणीतरी बॅटरीच्या उजेडात, न घाबरता काढलेला. खाटेचा पाय, सिमेंटची जमीन आणि तिच्यावर काळा चमकदार साप, पट्टे जोडीजोडीने. फोटो इतका चांगला की तो खेळात यायलाच नको होता. पाठीची ओळ साध्या डोळ्यांनी दिसत होती.

हेमांगीने संगणक आणखी जवळ ओढला.

“पुन्हा बघ,” ऋजुता म्हणाली.

तिने पुन्हा पाहिले. “मण्यार.”

“नक्की?”

“नक्की. तूही बघ.”

ऋजुताने पाहिले. नियमाप्रमाणे तिने बघायचे नव्हते, तरी पाहिले आणि मान हलवली. फोटोच्या माहितीत गेल्या वर्षीची तारीख होती, पेशंटचे नाव होते, यमुना भोपळे, वय एकोणीस, आणि सोबत आलेल्या माणसाचा नंबर. तिने फोन हातात घेतला, नंबर लावला आणि लगेच कापला.

“काय विचारायचं?” ती म्हणाली. “यमुना आहे का, असं विचारू? नसली तर?”

हेमांगीने हात पुढे केला. ऋजुताने क्षणभर फोन घट्ट धरून ठेवला, मग दिला.

घंटी बराच वेळ वाजली. मग एका वयस्क माणसाने फोन उचलला. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती.

“नमस्कार,” हेमांगी म्हणाली. “मी कोल्हापूरहून हेमांगी साळोखे बोलतेय. यमुनाचे वडील का?”

त्याने जवळच्या कुणाला तरी शेळीला बाहेर न्यायला सांगितले आणि आवाज थांबल्यावर म्हणाला, “बोला.”